मालकाचा रकाना आणि कारागिराचा रकाना

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. त्या काळी वाचनालयातून आणलेल्या उर्दू पुस्तकाचे पहिले पान उलटले की एक ओळ हमखास दिसायची : 'जुमला हुकूक बहक्के नाशिर महफूज'. सर्व हक्क प्रकाशकाच्या नावे राखीव, असा तिचा अर्थ. काही पुस्तकांवर 'नाशिर'च्या जागी 'मुसन्निफ' असे, म्हणजे हक्क लेखकाने स्वतःकडेच ठेवलेले. पुष्कळ पुस्तकांत बारीक अक्षरांत कातिबाचेही नाव असे, कारण छापण्यापूर्वी सारा मजकूर त्याने हाताने लिहिलेला असायचा. पुस्तक रचले कोणी, अक्षर कोणाचे आणि हक्क कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी मिळत. हक्क प्रकाशकाकडे आहेत म्हणून लेखकाचे नाव खोडावे असे कोणाच्या मनात येत नसे. कातिबाचे नाव छापले म्हणून तो पुस्तकाचा मालक झाला, असेही कोणी समजत नसे.

हे आठवण्याचे कारण आमचा भाचा. तो पुण्यात संगणक कंपनीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संग्रहासाठी विनामूल्य पॅकेज बांधतो. मध्यंतरी एका रविवारी तो आमच्या गादीवर लॅपटॉप उघडून बसला होता. एका फाइलीवर अडला आणि म्हणाला, "मामू, हा प्रोग्राम तिघांनी लिहिलाय, पण प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर कंपनीचं नाव आहे. मी कोणाचं लिहू?"

आम्ही विचारले, "बेटा, रकाना कशाचा आहे?"

"कॉपीराइटचा."

"मग कंपनीचं लिही."

"आणि लिहिणाऱ्या तिघांचं काय? त्यांच्यासाठी रकानाच नाही."

या प्रश्नाला त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. मागाहून त्याच्याकडून हा सारा व्यवहार समजून घेतला. आज त्यावरचे आमचे मत वाचकांपुढे ठेवत आहोत. आपल्या अनेक घरांतली मुले आज याच धंद्यात आहेत, आणि आपण व्यापारीही बिलाचे, साठ्याचे प्रोग्राम करून घेत असतो. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

मुक्त म्हणजे बेवारस नव्हे

मुक्त सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्यास द्यावे, अशी परवानगी असते. त्यावरून पुष्कळांचा समज होतो की या मालाला मालकच नाही. वस्तुस्थिती उलट आहे. ही परवानगी लेखी परवान्याने मिळते, आणि परवाना तोच देऊ शकतो ज्याच्याकडे कॉपीराइटचा हक्क आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये काढलेला जीपीएल हा परवाना (त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची) कॉपीराइटच्या कायद्यावरच उभा आहे. माल पुढे देणाराने तेच हक्क आणि मूळ कोडही पुढे दिले पाहिजे, ही त्याची अट. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने अधिक सैल आहेत, पण मालकाची सूचना आणि परवान्याचा मजकूर पुसू नये, ही अट त्यांतही आहे. म्हणून मालक कोण, हे ठाऊक असणे भाग आहे. परवानगी खरी आहे की नाही, हे त्यावर ठरते.

आता पॅकेज म्हणजे काय ते पाहू. डेबियनची सुरुवात १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी केली आणि आजही तो संग्रह स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. प्रोग्राम लिहिणारे जगभर विखुरलेले. पॅकेज बांधणारा त्यांच्याकडून माल घेतो, तपासतो, संग्रहात बसेल असा बांधतो आणि त्यावर चिठ्ठी लावतो. ठोक व्यापारी वेगवेगळ्या ठिकाणचा माल आणून गाठी बांधतो, तसेच हे काम. डेबियनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पॅकेजसोबत 'कॉपीराइट' नावाची एक फाइल असते. तीत परवान्याचा मजकूर, मालकांच्या सूचना आणि मूळ माल कोठून घेतला ते लिहावे लागते.

ही फाइल यंत्रालाही वाचता यावी म्हणून तिचा एक ठराविक नमुना २०१२ मध्ये पक्का झाला. त्यात वर प्रकल्पाचे नाव, संपर्क आणि मूळ स्रोत. खाली फाइलींच्या एकेका गटासाठी कॉपीराइट आणि परवाना. शेरा लिहायलाही जागा आहे. पण लेखकाचा म्हणून स्वतंत्र रकाना नाही. मूळ लेखकांचे नाव किंवा संपर्क द्यावा असे डेबियनचे धोरण सांगते खरे, परंतु एखाद्या संस्थेचा पत्ता दिला तरी ते भागते. परिणाम असा की पॅकेज बांधणाराने सारे नियम इमानाने पाळले तरी ज्या तिघांनी रात्री जागून प्रोग्राम लिहिला, त्यांची नावे त्या फाइलीत न येण्याची शक्यता राहते.

उलट बाजूही पाहा. पायथन या भाषेतील पॅकेजांच्या माहितीपत्रात लेखक, सांभाळणारा आणि परवाना यांना रकाने आहेत, पण कॉपीराइटच्या मालकाला नाही. मग पॅकेज बांधणारा काय करतो? लेखकाचे नाव तेथून उचलतो आणि मालकाच्या रकान्यात टाकतो. लेखक हाच मालक असेल तर ते खपून जाते. पण लेखकाने ते काम कोणाच्या नोकरीत केले असेल, तर ज्याला परवानगी देण्याचा अधिकारच नाही त्याचे नाव मालक म्हणून लागते. घाईत झालेली असो वा सद्भावनेने, ही चूकच आहे.

नावे अदलाबदल झाली की काय होते

बर्कले विद्यापीठाचे उदाहरण घ्या. युनिक्सवरचा प्रसिद्ध 'व्हीआय' हा संपादक बिल जॉय यांनी १९७६ मध्ये तेथे विद्यार्थी असताना लिहायला घेतला. बर्कलेच्या बीएसडी प्रणालीतील कामावर मालक म्हणून नाव मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे. त्या जुन्या परवान्यात अशी अट होती की या मालाचा उल्लेख असलेल्या जाहिरातीत विद्यापीठाचे ऋण मानणारे वाक्य छापावे. इतरांनी हाच परवाना उचलून विद्यापीठाच्या जागी आपापले नाव घातले. वाक्ये वाढत गेली. १९९७ च्या एका नेटबीएसडी आवृत्तीत स्टॉलमन यांनी अशी ७५ वाक्ये मोजली. अखेर १९९९ मध्ये विद्यापीठाने आपल्या मालापुरती ती अट काढून टाकली. हे काम विद्यापीठच करू शकत होते, कारण मालक ते होते. लेखक कितीही नामवंत असो, त्याच्या सहीने ती अट हटली नसती.

दुसरे उदाहरण आपल्या व्यापारी बांधवांना लगेच पटेल. मायएसक्यूएल हा माहिती साठवण्याचा प्रोग्राम मायकेल विडेनियस यांनी सहकाऱ्यांसह उभा केला आणि त्याला आपल्या मुलीचे, 'माय'चे नाव दिले. हक्क कंपनीकडे होते. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. ज्या मालाला मुलीचे नाव दिले, त्याचा मालक आता तिसराच. जीपीएल परवाना होता म्हणून विडेनियस यांना तेच कोड घेऊन २००९ मध्ये वेगळी शाखा काढता आली. तिला त्यांनी धाकट्या मुलीचे, मारियाचे नाव दिले, तीच मारियाडीबी. पण जुन्या कोडवर निराळ्या अटींचा व्यापारी परवाना विकण्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला नाही. लेखकपण घरी राहिले, मालकी बाजारात गेली. त्या कोडच्या चिठ्ठीवर विडेनियस यांचेच नाव मालक म्हणून कोणी लिहिले असते, तर परवानगी मागायला आलेला माणूस चुकीच्या दारावर गेला असता.

आता तिसरे. लिनक्सच्या गाभ्याची पद्धत निराळी आहे. तेथे हक्क कोणा एका संस्थेकडे गोळा करत नाहीत. ते ज्याचे त्याच्याकडे किंवा त्याच्या मालकाकडे राहतात. त्या गाभ्यात मोठे काम केलेले ख्रिस्तोफ हेलविग यांनी २०१५ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गच्या न्यायालयात व्हीएमवेअर कंपनीविरुद्ध दावा लावला. कंपनीने आपले कोड जीपीएलच्या अटी न पाळता वापरले, अशी त्यांची तक्रार. २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला. परवाना खोटा ठरला म्हणून नव्हे. नेमका कोणता भाग फिर्यादीचा आहे, हे न्यायालयाला पुरेसे दाखवता आले नाही म्हणून. २०१९ मध्ये अपीलही गेले. कोणी काय लिहिले याची नोंद केवळ मानासाठी नसते, हक्क सिद्ध करण्याच्या वेळी तीच साक्षीला लागते, हे या खटल्याने दाखवले.

आमच्या धंद्यातही हेच आहे. सूत आमचे, माग दुसऱ्याचा, तो मजुरीवर विणून देतो. कापड आमचे, मार्का आमचा, विकण्याचा हक्क आमचा, याबद्दल वाद नाही. तरी प्रत्येक ताग्यामागे कोणत्या मागावर विणला गेला त्याची नोंद आम्ही वहीत ठेवतो. कापडात दोष निघाला तर मार्का पाहून काही कळत नाही, माग शोधावा लागतो. आणि माल उत्तम निघाला तर पुढची ऑर्डर कोणाला द्यायची, हेही त्याच नोंदीवरून कळते.

दोन्ही नावे राखणारे

ही गोष्ट अशक्य नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या अनेक जीएनयू प्रोग्रामांसाठी लेखकांकडून हक्क लेखी लिहून घेतले, म्हणजे दावा लावण्याची वेळ आली तर मालक एकच असावा. परंतु त्याचबरोबर जीएनयूच्या मालासोबत 'ऑथर्स' नावाची निराळी फाइल ठेवण्याची रीत पाडली. मालकाच्या जागी संस्था, आणि कोणी काय लिहिले ते त्या फाइलीत. हक्क लिहून दिले म्हणून नाव गेले नाही. पुढे २०२१ मध्ये जीसीसी या प्रकल्पाने हक्क लिहून देण्याची सक्ती उठवली, तो वेगळा विषय.

आपल्या लिपीचेही उदाहरण आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएलखाली खुले केले आणि २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. या दुसऱ्या परवान्याच्या मजकुरातच 'कॉपीराइटचा धारक' आणि 'लेखक' हे दोन शब्द वेगळे आहेत. अक्षर काढणारा, प्रोग्राम लिहिणारा, माहिती लिहिणारा, जो कोणी हातभार लावील तो लेखक, अशी त्यात व्याख्या आहे. उर्दू संगणकावर आली ती नूरी नस्तालीकमुळे. तीत अक्षरवळण मिर्झा अहमद जमील यांचे होते आणि टाइप बसवला मोनोटाइप कंपनीने. तो माल मुक्त नव्हता, तरी उर्दू छपाईतली माणसे आजही दोन्ही नावे सांगतात.

शब्दाचा घोळ मात्र मोठमोठ्यांकडूनही होतो. गूगलच्या गो या भाषेच्या कोडमध्ये अनेक वर्षे 'ऑथर्स' आणि 'काँट्रिब्युटर्स' अशा दोन फाइली होत्या. पहिल्या फाइलीत कॉपीराइटचे मालक, दुसरीत प्रत्यक्ष हातभार लावणारी माणसे. म्हणजे तेथे 'लेखक' या शब्दाचा अर्थच मालक असा झाला होता. नुसता शब्द पाहून पॅकेज बांधणाराने नावे उचलली तर घोटाळा ठरलेला.

आपला कायदा

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत धरला गेला. कलम १७ प्रमाणे, नोकरीत असताना नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण कलम ५७ सांगते की हक्क दुसऱ्यास लिहून दिल्यावरही 'ही कृती माझी आहे' असे म्हणण्याचा लेखकाचा हक्क राहतो. आपल्या कायद्याने दोन रकाने मान्य केले आहेत. सर्व देशांत तसे नाही. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्याने लेखक म्हणून ओळखले जाण्याच्या हक्कातून संगणक प्रोग्राम वगळले आहेत. आपल्याकडे हक्क आहे, वापर नाही.

आमच्या भाच्याचेच पाहा. पहिल्या नोकरीत त्याने साठा मोजण्याचा एक प्रोग्राम जवळजवळ एकट्याने लिहिला. कंपनीने तो मुक्त परवान्याखाली बाहेर दिला. सूचनेत कंपनीचे नाव होते, ते रास्तच होते. पण लेखकांची यादी नव्हती, आणि बाहेर दिलेल्या गठ्ठ्यात कामाचा जुना इतिहासही नव्हता. पुढे दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत त्याला विचारले, "तुम्ही केलेले काम दाखवा." त्याने तो प्रोग्राम दाखवला. समोरच्याने विचारले, "यात तुमचे नाव कुठे आहे?" दाखवायला काहीच नव्हते. ती नोकरी त्याला मिळाली नाही. पगार घेतला म्हणून मालकी गेली, हे त्याला मान्य आहे. पण पगारात नावही विकले गेले, हे त्याने कोठे लिहून दिले होते?

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की लेखक हजारो असतील तर पॅकेज बांधणाऱ्या स्वयंसेवकाने किती नावे लिहावी? आक्षेप खरा आहे, आणि ७५ वाक्यांची गोष्ट आम्ही वर सांगितलीच. सर्वांची नावे जाहिरातीत छापा असे आमचे म्हणणे नाही. मूळ प्रकल्पाने लेखकांची फाइल दिली असेल तर ती टाकून न देता पॅकेजसोबत जाऊ द्यावी. दोन-चारच लेखक असतील तर शेऱ्यात त्यांची नावे लिहावी. एवढेच.

दुसरा आक्षेप असा की आता सारी नोंद गिटमध्ये असते, मग फाइल कशाला? गिट हे कामाची वही ठेवणारे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिले आणि त्यात प्रत्येक बदलासाठी 'लेखक' आणि 'नोंदवणारा' हे दोन रकाने वेगळे ठेवले, हे खरोखर उत्तम. पण प्रकल्पाने बाहेर दिलेल्या गठ्ठ्यात ती वही सहसा नसते, आणि पॅकेज बांधणारा बहुधा त्या गठ्ठ्यावरून काम करतो. गिऱ्हाईकाच्या हाती पोचते ते पॅकेज, वही मूळ कारखान्यातच राहते. कारखाना बंद पडला की वहीही गेली.

आमचे सांगणे

आमचे मत थोडक्यात असे आहे. मालकाच्या रकान्यात मालकच लिहावा, दया येऊन तेथे कारागिराचे नाव घालू नये, कारण त्या रकान्यावर परवानगीचा खरेपणा उभा आहे. आणि मालकाचे नाव लिहून झाले म्हणजे काम संपले असेही समजू नये, कारण कारागिराचे नाव हे त्याच्या मेहनतीचे मापटे आहे. एकाचे नाव दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या मुलामुलींना विनंती आहे की नोकरीच्या किंवा हक्क सोपवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक वाक्य घालून मागा : हे काम बाहेर दिले गेल्यास लेखकांच्या यादीत माझे नाव राहील. यात कंपनीचा एक पैसाही जात नाही.

व्यापारी बांधवांनाही एक सावधगिरीची सूचना. बाहेरच्या माणसाकडून, नोकरीवर न ठेवता, प्रोग्राम लिहून घेतला आणि पैसे दिले म्हणजे आपण मालक झालो असा समज असेल तर तो काढून टाकावा. तसा करार नसेल तर मालक लिहिणाराच राहतो. कलम १९ प्रमाणे हक्क सोपवणे लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. तेव्हा कागद करताना दोन्ही गोष्टी लिहा : हक्क कोणाचे, आणि लिहिले कोणी.

त्या रविवारची गोष्ट पुरी करतो. भाच्याने कॉपीराइटच्या जागी कंपनीचे नाव ठेवले, शेऱ्यात तिन्ही लेखकांची नावे लिहिली आणि मूळ प्रकल्पाला पत्र टाकले की पुढच्या वेळी 'ऑथर्स' फाइलही सोबत द्या. उठताना म्हणाला, "मामू, दोनच ओळी जास्त लागल्या." आम्हाला वाटते, त्या दोन ओळी प्रत्येकाने लिहाव्यात.